जीवसृष्टी : पानांच्या ढिगातील ठेव

पक्षी म्हटला की घरटे आले आणि अंड्यांना ऊब देत बसलेली माताही आली. परंतु पक्ष्यांच्या एका कुळाने ही रीत स्वीकारलेली नाही. ‘मेगापोड’, म्हणजे मोठ्या पायांचे, असे नाव लाभलेले हे पक्षी कोंबडीच्या जातकुळीतले. भक्कम पायांनी माती, वाळू व पालापाचोळा ओढून ते मोठा ढिगारा रचतात आणि त्यात अंडी पुरतात. पाला कुजताना अगणित सूक्ष्म जीवांच्या क्रियेने जी उष्णता निर्माण होते, तीच अंडी उबविते.

या कुळातील दोन निकटच्या जातींचे दैव मात्र भिन्न आहे. निकोबार मेगापोड जगात केवळ आपल्या निकोबार बेटांवर आढळतो. केशरी पायांचा मेगापोड इंडोनेशियाच्या पूर्वेकडील बेटांपासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत पसरला आहे. मधल्या सुमात्रा बेटावर या कुळाचा एकही पक्षी नाही. पहिला तपकिरी रंगाचा, चेहऱ्यावर लाल उघडी कातडी असलेला. दुसऱ्याची मान राखाडी, डोक्यावर टोकदार तुरा आणि पाय झळझळीत केशरी.

दोघांचा उद्योग एकच. केशरी पायांच्या पक्ष्याचा ढिगारा वर्षानुवर्षे भर पडून चार मीटरहून उंच होऊ शकतो. निकोबारचा पक्षी बहुधा समुद्रकिनाऱ्यालगतच्या वनात वाळू आणि पाला यांचा ढिगारा रचतो. तेथे सुमारे अडीच महिन्यांनी पिलू जमिनीखालीच अंडे फोडते, स्वबळावर माती उकरून वर येते आणि मातापित्यांच्या आधाराविना जीवन आरंभते. जैन जीवविचारात पंचेंद्रिय तिर्यंच म्हणून गणलेल्या या अंडज जीवाचा हा पुरुषार्थ थक्क करणारा आहे.

केशरी पायांचा पक्षी ऑस्ट्रेलियातील डार्विन शहरात लोकांच्या बागांतही वावरतो. त्याने बागेतील पाला ओढून नेला तरी तेथील माणसाने त्याच्याशी जुळवून घेतले आहे. निकोबारच्या पक्ष्याला किनाऱ्यावाचून गत्यंतर नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने त्याचे असंख्य ढिगारे वाहून नेले आणि त्याची संख्या फार घटली. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला स्थान आहे. तरीही ग्रेट निकोबारवरील गॅलाथिया उपसागराच्या ज्या किनाऱ्यावर त्याचे ढिगारे आहेत, तेथेच मोठ्या मालवाहतूक बंदराची योजना असून २०२२ मध्ये तिला पर्यावरणीय मंजुरी मिळाली. त्याच्यासाठी अन्य बेटावर अभयारण्याची तरतूद झाली. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्या किनाऱ्यावर ढिगारे रचले, तो किनारा दुसरीकडे नेता येत नाही.

बंदराने व्यापार वाढेल आणि व्यापारी कुटुंबांना त्याचा लाभही पोहोचेल. व्यापार त्याज्य नाही. मात्र अहिंसेचा विचार आपल्या हाताने घडणाऱ्या हिंसेपाशी थांबत नाही. कृत, कारित आणि अनुमोदित अशा तिन्ही प्रकारे कर्म बांधले जाते, असे शास्त्र सांगते. स्वस्त वाहतुकीचा हिशेब मांडताना वाळूखाली अडीच महिने मुकाट्याने वाढणाऱ्या त्या जीवाचीही नोंद वहीत असावी. ती नोंद वगळून काढलेला नफा कागदावर जुळेल. विवेकाच्या तपासणीत तो टिकणार नाही.