‘महत्त्वपूर्ण’चा सुळसुळाट

‘अत्यंत महत्त्वपूर्ण’ हा शब्दप्रयोग मराठी गद्यातून हद्दपार व्हावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. उत्तरपत्रिकांत आणि अग्रलेखांत तो पानोपानी भेटतो: सिंचन महत्त्वपूर्ण, संत महत्त्वपूर्ण, फीत कापणेही महत्त्वपूर्ण! जिथे सगळेच महत्त्वपूर्ण, तिथे कशालाच महत्त्व उरत नाही.

वाशिमकडचा शेतकरी सोयाबीनविषयी बोलताना हा शब्द वापरत नाही. ‘पान्याबिगर भागत नाही’ एवढेच म्हणतो. कशावाचून काय अडते, हे त्यात येते. ‘पाऊस यायलाच पाहिजे’ यातला एकाक्षरी ‘च’ दहा विशेषणांना पुरून उरतो. रोजच्या फ्रेंचमध्येही ‘सा कोंत’, म्हणजे ‘हे मोजले जाते’, असे म्हणून भागते.

मात्र ‘भागत नाही’ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ‘ग्राम्य’ ठरवून त्याचे गुण कापले जातात. मग तो विचार सोडतो आणि विशेषण पाठ करतो. हे नुकसान केवळ शैलीचे नाही, विवेकाचे आहे.

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तेथील राजा सर्वसेनाने ‘हरिविजय’ हे काव्य संस्कृतात नव्हे, प्राकृतात रचले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी व प्राकृत या दोहोंना अभिजात दर्जा मंजूर केला. त्याचा अभिमान मिरवायचा आणि वर्गात बोलीवर लाल रेघ ओढायची, हा दुटप्पीपणा आहे. ‘महत्त्वपूर्ण’ खोडावे आणि समासात एकच प्रश्न लिहावा: ‘हे नसते, तर कोणाचे काय अडले असते?’