चारचा आकडा

परवा रात्री माझा गडी सतरा वेळा पडला. अठराव्यांदा पडला तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, राहू द्या ना. तुमच्याच्यानं नाई होत."

गडी म्हणजे लॅपटॉपवरचा. एवढासा, गळ्यात मफलर, घसरगाडीवर बसलेला. खेळाचं नाव लाइन रायडर. ब्राउझरमध्ये पांढरं पान उघडतं, त्यावर आपण रेघ ओढायची आणि बटण दाबायचं. गडी रेघेवरून घसरत सुटतो, पुढचं सगळं गुरुत्वाकर्षणाच्या हाती. वळण टोकदार झालं की घसरगाडी एकीकडे आणि हा दुसरीकडे. रेघ संपली की नुसता खाली, खाली. पान काही संपत नाही. २००६ साली स्लोव्हेनियातल्या बोश्त्यान चादेझ नावाच्या विद्यार्थ्यानं कॉलेजच्या कामासाठी हे बनवलं. तो याला खेळ नव्हे, खेळणं म्हणायचा. त्या काळचे असले बरेच खेळ फ्लॅशवर चालायचे. २०२० अखेर फ्लॅश बंद पडलं आणि त्यांतले कितीतरी गेले. हा नव्या तंत्रात लिहिला गेला म्हणून वाचला.

यात गुण नाहीत की जिंकणं-हरणं नाही. भाच्यानं मात्र त्याचं कोडं केलंय. डावीकडे वर गडी, उजवीकडे टेकडीपलीकडे एक घर. त्याला दारात नेऊन उभा करायचा. वेग वाढवणारी लाल रेघ वापरायची नाही. ही शेवटची अट जीवघेणी. लाल रेघ नाही म्हणजे बाहेरून ढकलणारं कुणी नाही. जेवढ्या उंचीवरून सोडला तेवढंच भांडवल. उंची मोडून वेग घ्या, वेग मोडून पुन्हा उंची घ्या. आणि खऱ्या जगात तर प्रत्येक मोडीत घर्षणाचा कडता कापला जातो. सुरुवातीपेक्षा उंच टेकडी तुम्ही जन्मात चढू शकत नाही.

शेजारचे काका चहाला आले होते. थोडा वेळ पाहून म्हणाले, "हे तं ओलितच झालं. पानी बी असंच करते. दांडाले उतार कमी पडला का जागीच मुरते, जास्त झाला का दांडच फोडते." रात्रीच्या विजेच्या लाइनीवर हातात फावडं नि बॅटरी घेऊन दांड वळवण्यात त्यांची हयात गेली. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात मला हे इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं.

अठराव्या पडण्यानंतर मला आमचा चारचा आकडा आठवला. आकडा म्हटलं की आमच्याकडे काही मंडळी कान टवकारतात, तो मटक्याचा नव्हे. धूळघाटच्या रेल्वेचा.

आमच्या तेल्हारा गावाला रेल्वे नाही, पण तालुक्याला होती. अकोला-खांडवा मीटरगेज. अकोट सुटलं की आडगाव बुद्रुक, हिवरखेड, मग वान रोड, आणि तिथून सातपुडा अंगावर येतो. लोखंडाच्या रुळावर लोखंडाचं चाक, त्याला चढ मुळात सोसत नाही. बोरघाटात इंग्रजांनी ३७ फुटांत १ फूट चढ घेतला, तरी जागा पुरेना. १८६३ला घाट सुरू झाला तेव्हा खंडाळ्याजवळ गाडी थांबवून, तिचं तोंड फिरवून पुढं न्यावी लागे. आमच्या सातपुड्यात दुसरी युक्ती केली. चढ कमी हवा तर वाट लांब करा. रूळ डोंगराला वळसा घालत फिरवले आणि पुलावरून स्वतःच्याच डोक्यावरून नेले. वरून पाहिलं तर आपला मराठी ४.

लहानपणी खिडकीत बसून मी तो चार अंगाखालून जाताना पाहिलाय. आधी गाडी एका पुलाखालून जाई. मग ती डोंगराला लगटून फिरत राही, डबा कलंडल्यासारखा वाटे, आई शर्ट धरून आत ओढी. थोड्या वेळानं त्याच पुलावर आपण आणि मघाचे रूळ खाली. एवढा वेळ चालून आपण पोचलो कुठं, तर मघाच्याच जागी, फक्त वर. मला ते फसवणुकीसारखं वाटायचं.

आता तिथून गाडी जात नाही. मीटरगेज बंद झाली. २०२२ साली अकोला-अकोट ब्रॉडगेजवर गाडी सुरू झाली. पुढची रेघ मेळघाट व्याघ्रप्रकल्प टाळून, हिवरखेडवरून सोनाळा-जामोदच्या अंगानं न्यायची असं चाललंय. चार गेला याचं मला वाईट वाटतं, पण वाघाच्या अंगणातून गाडी न्यावी इतकं नाही. खेळात चुकलेली रेघ खोडरबरानं पुसता येते. इथं पुसायची नाही, नुसती सोडून द्यायची. गवत आपलं काम करतं.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. त्यानं लगेच पानावर भला मोठा ४ काढून गडी सोडला. गडी पहिल्याच वळणावर डोक्यावर आपटला.

"अरे, तो उभा नसतो. आडवा असतो, डोंगराला गुंडाळलेला."

"म्हंजे कसा?"

खेळात सगळं बाजूनं दिसतं, त्यामुळे पडद्यावर हे दाखवता येईना. सकाळी शेजारच्या बांधकामाच्या रेतीच्या ढिगावर पाणी मारलं आणि चमच्यानं वाट कोरायला बसलो. उलट बाजूनं, माथ्यापासून खाली, कारण गोटी चढणार नाही. पहिली वाट खचली. दुसरीला उतार जास्त झाला, गोटी काठावरून उडाली. काका कुंपणाला टेकून सूचना देत होते. तिसरी जमली, पण वाट जिथं स्वतःला ओलांडते तिथं पूल हवा. भाच्यानं नळाच्या पाइपाचा वीतभर तुकडा शोधून आणला, वाटेच्या पोटात पुरला आणि वर रेती थापली.

गोटी सोडली. माथ्यावरून निघाली, पुलावरून गेली, वळसा घातला, पाइपात शिरली.

बाहेर आलीच नाही. भाचा पोटावर आडवा झाला आणि पाइपाला डोळा लावून बघू लागला. "मामा," तो आतूनच बोलल्यासारखा म्हणाला, "बोगद्यात गाडी उभी हाय."