बाळमैत्री आणि गल्लीचा धर्म

शाळेंतील मैत्री मोठेपणीं कां टिकत नाहीं, हा प्रश्न ज्याच्या मनांत कधीं आलाच नाहीं असा प्रौढ मनुष्य विरळा. आपल्या पुराणेतिहासांत याचीं दोन उत्तरें सांपडतात. भरद्वाजांच्या आश्रमांत द्रोण आणि द्रुपद एकत्र खेळले, एकत्र शिकले. पुढें द्रुपद पांचालांचा राजा झाला. दारिद्र्यानें गांजलेला द्रोण जुन्या ओळखीवर त्याच्या दारीं गेला, तेव्हां सख्य बरोबरीच्यांतच शोभतें असें सुनावून राजानें त्यास वाटेला लावलें. त्या एका अपमानापायीं द्रुपदाचें अर्धें राज्य गेलें, आणि अखेर त्याच्याच पुत्राच्या हातून रणांगणावर द्रोणाचा वध झाला. दुसरीकडे सांदीपनींचे दोन शिष्य, कृष्ण आणि सुदामा. सुदाम्यानें कांहीं मागितलें नाहीं, आणि कृष्णानें देतांना तोंडानें कांहीं सांगितलें नाहीं. घरीं पोंचल्यावर त्या ब्राह्मणास काय तें कळलें. दोन्ही मैत्र्या गुरुगृहींच जुळलेल्या; एक मोडली, एक टिकली. हा फरक कशानें पडतो, याचा विचार आम्हांस पुन्हां करावासा वाटला तो एका परदेशी दूरदर्शन-मालिकेमुळें.

दक्षिण कोरियांतील 'टीव्हीएन' वाहिनीवर ६ नोव्हेंबर २०१५ पासून १६ जानेवारी २०१६ पर्यंत 'रिप्लाय १९८८' ही वीस भागांची मालिका दाखविली गेली. तिचे दिग्दर्शक शिन वॉन-हो, आणि लेखिका ली वू-जंग. घरांतील तरुण मंडळींच्या आग्रहावरून आम्ही ती सबंध पाहिली. सेऊल शहराच्या सांगमुन-दोंग भागांतील एक अरुंद गल्ली, ऑलिंपिक सामन्यांचें १९८८ सालचें वातावरण, आणि त्या गल्लींत लहानाचीं मोठीं झालेलीं पांच मुलें, एवढेंच तिचें भांडवल. दॉक-सन ही पांचांतील एकटी मुलगी, अभ्यासांत मागें. सन-वू पितृहीन, पण वर्गांत हुशार. जंग-ह्वान अबोल. डोंग-र्योंग हा शाळेंतील एका मास्तरांचा मुलगा असून परीक्षेंत तळाला. व्यवसायबंधूंचें हें दुःख आमच्या चांगलें परिचयाचें आहे. पांचवा टेक, घड्याळाच्या दुकानदाराचा मातृहीन मुलगा. एकोणीस उभ्या व एकोणीस आडव्या रेघांच्या पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनीं खेळल्या जाणाऱ्या 'बादुक' खेळांत त्यानें मोठें नांव मिळविलें आहे. वर्तमानपत्रें त्याचे गोडवे गातात. मित्र मात्र त्यास भोळा, वेंधळा समजून सांभाळून घेतात. रोज त्याच्याच खोलींत पांचही जणांचा अड्डा जमतो.

पहिल्याच भागांत एक साधा प्रसंग आहे. रात्रीच्या जेवणाची वेळ. एक आई मुलाच्या हातीं शेजारीं एक पदार्थ धाडते. शेजारीण भांडें रिकामें कसें पाठवील? ती आपल्या घरचें कांहीं त्यांत घालते. होतां होतां सर्व मुलें भांडीं घेऊन गल्लींत एकमेकांस आडवीं जाऊं लागतात, आणि अखेर प्रत्येक घरच्या पानांत सगळ्या घरचें जेवण वाढलेलें असतें. शेजारणीची वाटी रिकामी परत पाठवूं नये, हा आपल्या आयाआज्यांचा नियम तेथेंही तसाच पाळला जातो, हें पाहून आम्हांस मोठें नवल वाटलें. मुलांच्या मैत्रीचा पाया येथें आहे. देणारा कोण आणि घेणारा कोण, हा हिशेब ज्या घरांतून ठेवला जात नाहीं, त्या घरांतील मुलांना तो करावयास कोणी शिकविलेलाच नसतो.

ही गल्ली सुखवस्तु समानांची नव्हे. जंग-ह्वानच्या थोरल्या भावास सोडत लागून त्यांचें घर एकाएकीं श्रीमंत झालें आहे. त्याच घराच्या तळघरवजा खोल्यांत दॉक-सनचें कुटुंब राहतें, कारण तिच्या वडिलांनीं मित्रास जामीन राहून कर्ज ओढवून घेतलें. एकाच छपराखालीं द्रुपद वर आणि द्रोण खालीं! मुलीच्या शाळेच्या सहलीस पैसा नाहीं म्हणून तिची आई वरच्या घरीं जाते, इकडचें तिकडचें बोलते, आणि मागणें ओठांतच ठेवून परतते. मागाहून वरून मक्याच्या कणसांची टोपली येते, व तींत पैशांचें पाकीट असतें. शब्द दोन्ही बाजूंनीं निघत नाहीं. सुदाम्याच्या कथेचें मर्म याहून निराळें आहे काय?

मोठेपणीं कसोट्या कठीण होत जातात. जंग-ह्वान आणि टेक या दोघांचेंही मन दॉक-सनवर जडतें, आणि मित्राचें मन कळल्यावर दोघेही आळीपाळीनें मागें सरतात. सन-वूचें प्रेम दॉक-सनच्या वडील बहिणीवर, बो-रावर बसतें; परंतु दोघांचें आडनांव एक आणि कुलस्थानही एक. अशा विवाहास कोरियाच्या कायद्याची बंदी होती. तेथील संविधान-न्यायालयानें १९९७ मध्यें ती घटनेशीं विसंगत ठरविली. आपल्याकडे सगोत्र विवाहास १९४६ च्या कायद्यानें मान्यता दिली, तरी घरोघरच्या वडील मंडळींचा जीव त्यानंतरही किती काळ अडकून राहिला, हें वाचकांस सांगावयास नको. वर्षानुवर्षें एका ओट्यावर बसून भाजी निवडणाऱ्या मैत्रिणींना विहीण होण्याची वेळ आली कीं किती जड जातें, हें मालिकेनें फार समजूतदारपणें दाखविलें आहे.

मालिकेंत दोष नाहींत असें नाहीं. दॉक-सनचा पति कोण, हें कोडें लांबवितांना बराच वेळ खर्ची पडला आहे. त्याहून मोठी उणीव अशी कीं, मध्यमवयांतील दॉक-सन व तिचा पति आपल्यापुढें बसून जुन्या गोष्टी सांगतात, परंतु प्रौढ जंग-ह्वान किंवा प्रौढ डोंग-र्योंग आपणांस दिसत नाहींत. गल्ली सोडल्यावर वीस वर्षें हे मित्र एकमेकांस कसे भेटत राहिले, भेटले तरी कीं नाहीं, यावर मालिका मौन पाळते. अखेरीस गल्ली पुनर्बांधणीसाठीं रिकामी होते, आणि तेथें परतलेल्या नायिकेस जुने सोबती भेटतात ते केवळ कल्पनेंत, पूर्वींच्याच वयाचे. तें दृश्य पाहून अश्रु येतात. पण अश्रूंनीं मैत्री टिकत नाहीं.

हा मौनाचा भाग भरून काढणें आपल्यावरच आलेलें आहे. पुण्यांतील वाडे आणि गिरगांवांतील चाळी पाडून उंच इमारती उठत आहेत. एका वाड्यांतील मुलें आज चार शहरांत आणि दोन खंडांत पांगलीं आहेत. पाणिनीनें मैत्रीसाठीं 'साप्तपदीन' हा शब्द साधून दाखविला आहे. सात पावलें बरोबर चालल्यानें जें लाभतें तें. लहानपणीं तीं पावलें गल्ली आपल्याकडून नकळत चालवून घेते. मोठेपणीं तीं आपणच मोजून, प्रयासानें टाकावीं लागतात. त्यांतून ज्याचें बरें चाललें आहे त्यानें पहिलें पाऊल टाकावें, कारण ज्याची परिस्थिति पडती आहे तो संकोचानें दारीं येत नाहीं, आणि आला तरी दॉक-सनच्या आईप्रमाणें न बोलतांच परततो. दिवाळीच्या फराळाचा एखादा डबा या वर्षीं अशा जुन्या सोबत्याच्या घरीं स्वतः नेऊन द्यावा. त्याला कांहीं हवें आहे असें दिसल्यास तें डब्याच्या तळाशीं ठेवावें, आणि त्याविषयीं पुन्हां अवाक्षर काढूं नये.