घरचं आरोग्य : ना धड आजारी, ना धड बरी

नाशिकच्या सिडको भागातून एका भगिनीचं सहा पानी पत्र आलं आहे. वय छत्तीस. घरात नवरा, सासूबाई आणि दोन मुलं. धाकट्याच्या वेळी दिवस असताना डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली आणि हृदयात एक जादा आवाज ऐकू येतो म्हणून सांगितलं. पुढे इको झाला. हृदयातून महारोहिणीत रक्त सोडणारी जी झडप असते, तिला तीन पाकळ्या असायला हव्यात. यांच्या झडपेला जन्मापासून दोनच आहेत. डॉक्टर म्हणाले, आज काही करायचं नाही, दर वर्षी येऊन दाखवत राहा, पुढेमागे ऑपरेशन लागेल.

तेव्हापासून घरात तीन मतं झाली आहेत. सासूबाई पाण्याची कळशीसुद्धा उचलू देत नाहीत आणि आल्यागेल्याला ‘सूनबाईंचं हृदय नाजूक आहे’ म्हणून सांगतात. नवऱ्याचं म्हणणं, गोळी नाही, पथ्य नाही, मग आजार कसला? माहेरच्यांना वाटतं, एकदाचं ऑपरेशन उरकून टाकावं म्हणजे डोक्याचा ताप जाईल. मी आजारी आहे की बरी, ते मलाच कुणी धड सांगत नाही, असं या बाई विचारतात.

अशा अवस्थेतल्या कितीतरी बायका आपल्या आसपास असतात. पोटात दुखलं तर दुखतंय म्हणता येतं. इथे दुखत काहीच नाही, पण मनातून घोर जात नाही. म्हणून आज सगळं पान याच विषयाला दिलं आहे.

आधी झडप म्हणजे काय ते पाहू. हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतं आणि दर वेळी ही झडप उघडते आणि मिटते. निरोगी मोठ्या माणसात ती उघडली की साधारण ३ ते ४ चौरस सेंटिमीटर वाट मोकळी होते. दोन पाकळ्यांची झडप लहानपणी बहुधा छान काम करते, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला पत्ताही लागत नाही. पण तिच्यावर ताण जास्त पडतो. वय वाढतं तशी ती जाड होते, तिच्यावर चुना साचतो आणि वाट अरुंद होत जाते. काहींच्या बाबतीत उलट होतं. झडप नीट मिटत नाही आणि रक्त मागे गळतं. शंभरात साधारण एका माणसाला अशी झडप असते, पुरुषांमध्ये जास्त. तेव्हा यात आईच्या डोहाळ्यांचा, ग्रहणाचा किंवा कुणाच्या पापपुण्याचा काही संबंध नाही. सासूबाईंनाही हे वाचून दाखवा.

दुसरा एक घोटाळा पत्रात दिसतो. शेजारच्या बाईंना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन घ्यावं लागतं, मग मला का नाही, असं त्या विचारतात. शेजारणीचा आजार बहुतेक वेगळा असावा. लहानपणी घसा सुजून पुढे सांधेदुखीचा ताप येतो, त्याने झडपा खराब होतात. आपल्या देशात हा प्रकार पुष्कळ आहे आणि तो ताप पुन्हा येऊ नये म्हणून ती इंजेक्शनं असतात. जन्मतःच्या दोन पाकळ्यांना त्यांचा उपयोग नाही. शेजारणीचं औषध आपल्याला आणि आपलं शेजारणीला, हा व्यवहार वाटीभर साखरेपुरताच ठेवावा.

आता माहेरच्यांचा प्रश्न : लगेच ऑपरेशन का नाही? कारण बसवलेली कुठलीही झडप देवाने दिलेल्या झडपेइतकी चांगली नसते. जुनी चालते आहे तोवर ती राखायची आणि ती हृदयाचं नुकसान करू लागली की मग बदलायची, असा हिशेब असतो. वाट १ चौरस सेंटिमीटरपर्यंत किंवा त्याहून कमी झाली की आजार तीव्र समजतात. त्यात त्रास सुरू झाला, किंवा हृदयाची ताकद कमी होताना दिसली, की डॉक्टर शस्त्रक्रियेचं बोलतात. या झडपेबरोबर काहींची महारोहिणी फुगते. ती साधारण साडेपाच सेंटिमीटरपर्यंत गेली, काहींच्या बाबतीत त्याच्याही आधी, की त्रास नसला तरी शस्त्रक्रिया सुचवतात. म्हणजे वाट पाहणं हा निष्काळजीपणा नव्हे. तोही उपचारच आहे. मात्र एका अटीवर. तपासणी चुकवायची नाही. आजार सौम्य असेल तर तीन ते पाच वर्षांनी, मध्यम असेल तर वर्ष-दोन वर्षांनी आणि तीव्र असेल तर सहा महिने ते वर्षाने इको करावा लागतो. तुमचं वेळापत्रक तुमचे डॉक्टर ठरवतील. आपण दुधाचा हिशेब ठेवतो तशी एक वही घाला. तारीख, झडपेची वाट किती, महारोहिणीची रुंदी किती, हृदयाची ताकद किती टक्के, रक्तदाब किती. चार ओळींचं काम आहे. सगळे रिपोर्ट तारखेवार एका पिशवीत ठेवा आणि ती पिशवी कुठे आहे हे नवऱ्यालाही माहीत असू द्या.

आणि आता, बाई, तुमच्या पत्राच्या पाचव्या पानाकडे येते. तिथे तुम्ही सहज लिहून गेला आहात की गेला इको होऊन दोन वर्षं झाली, यंदा मुलीची दहावी होती म्हणून राहून गेलं. त्याच्याच खाली आणखी एक ओळ आहे. चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर गेलात, तेव्हा पायऱ्यांवर दोनदा बसावं लागलं आणि सासूबाईंना ‘पायात गोळा आला’ म्हणून सांगितलंत. आधी तुम्ही एका दमात चढत होतात, हेही तुम्हीच लिहिलं आहे. तुमच्या सहा पानांत सगळ्यात महत्त्वाचं काही असेल तर ते हेच.

झडप अरुंद होत चालल्याच्या तीन मुख्य खुणा आहेत. पूर्वी होत असलेल्या कामाला आता दम लागणं, श्रम करताना छातीत दुखणं किंवा आवळल्यासारखं होणं, आणि श्रमात डोळ्यांपुढे अंधारी येणं किंवा चक्कर येऊन पडणं. बायका यांना दुसरीच नावं देतात. वजन वाढलं, रक्त कमी आहे, ॲसिडिटी झाली, वय झालं. कधीकधी ते खरंही असतं. पण झडपेचा दोष माहीत असताना हा निवाडा आपण घरी करायचा नाही. कित्येकींना दम लागत नाही, कारण त्यांनी नकळत कामच कमी केलेलं असतं. जिना चढायचं टाळतात, बाजारातून रिक्षा करतात. म्हणून स्वतःला विचारावं, गेल्या दिवाळीला मी जे करत होते, ते या दिवाळीला तितक्याच सहज होतं का?

तेव्हा तुम्ही दसऱ्याची किंवा परीक्षेची वाट पाहू नका. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि पायऱ्यांची गोष्ट आहे तशी सांगा. ‘पायात गोळा’ म्हणू नका. नवऱ्याला बरोबर न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की ‘आजारच नाही’ हे मतही आपोआप जागेवर येईल. चक्कर येऊन पडलात किंवा बसल्या जागी धाप लागली, तर मात्र आठवडाही नाही, त्याच दिवशी दवाखाना.

घरकामाचं काय? दोष सौम्य असेल तर नेहमीची कामं, चालणं, सायकल, सगळं करता येतं; कळशीने काही होत नाही. उलट बसून राहिल्याने वजन आणि रक्तदाब वाढतो. दोष तीव्र असेल तर भरलेला गॅस सिलिंडर ओढणं, ओल्या गोधड्या पिळणं, धान्याचं पोतं सरकवणं, म्हणजे श्वास कोंडून जोर लावण्याची कामं बंद. तुमचा दोष मध्यम होता, पण तो दोन वर्षांपूर्वी. नवा इको होईपर्यंत जड कामं थांबवा आणि पुढचं डॉक्टरांना यादी करून विचारा. गडावर जायचंच असेल तर २०१८ पासून ट्रॉली आहे. देवीला पायऱ्यांचाच हट्ट नाही. निर्जळी उपास या दिवसांत करू नयेत. पापड, लोणचं, वरून मीठ यांना आवर घालावा.

दातांची काळजी ही या आजारातली दुर्लक्षित गोष्ट आहे. हिरड्यांतून जंतू रक्तात जाऊन सदोष झडपेवर घर करू शकतात. दोन वेळा दात घासा, किडका दात वेळीच दाखवा, मशेरी सोडा. पूर्वी दात काढण्याआधी अशा सगळ्यांना प्रतिजैविकाची गोळी देत. २००७ साली अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनेने नियम बदलले. कृत्रिम झडप बसवलेल्या किंवा आधी असा जंतुसंसर्ग झालेल्या अशा मोजक्या रुग्णांनाच ती द्यावी असं ठरलं. तरी दंतवैद्याला झडपेबद्दल सांगायचंच. आणि कारण न कळता ताप आठवडाभर रेंगाळला, तर दुकानातून परस्पर गोळ्या आणू नका. आधी रक्ताची जंतूंसाठी तपासणी व्हावी लागते. गोळ्या घेतल्या की जंतू सापडत नाहीत.

हा दोष काही घराण्यांत उतरतो. आईवडील, भावंडं, मुलं यांच्यात दहातल्या साधारण एकाला तो सापडतो. म्हणून तुमच्या दोन्ही मुलांचा आणि भावाचा एकेकदा इको करून घ्या. यात भ्यायचं काही नाही. त्या तपासणीत सुई नाही की दुखणं नाही. अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी होते, त्यात जन्मजात हृदयदोषही पाहतात. पथक येईल त्या दिवशी मुलांना शाळा बुडवू देऊ नका.

समजा पुढे ऑपरेशन ठरलंच. १९६० साली अमेरिकेत डॉ. अल्बर्ट स्टार यांनी पिंजऱ्यात गोळी असलेली झडप माणसाला बसवली, तेव्हापासून ही विद्या फार पुढे गेली आहे. आज मुख्य दोन प्रकार आहेत. एक यांत्रिक. ती खूप टिकते, पण रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर आणि वरचेवर रक्ततपासणी. पालेभाज्या सोडायच्या नसतात, फक्त रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं. एक आठवडा नुसती मेथी-पालक आणि दुसऱ्या आठवड्यात काहीच नाही, असं नको. अंगदुखीच्या गोळ्या विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत आणि पाळीत जास्त जाऊ लागलं तर लाजून लपवायचं नाही. दुसरी झडप प्राण्यांच्या ऊतींची. तिला ही गोळी बहुधा कायमची लागत नाही, पण ती दहा-पंधरा वर्षांत झिजते, तरुणपणी बसवली तर लवकर. डुकराची किंवा गाईगुरांची ऊती म्हटल्यावर काही घरांत मन कचरतं. ते मनात न ठेवता सर्जनना आधी विचारावं.

ज्यांना अजून मूल हवं आहे त्यांनी हा विषय ऑपरेशनच्या आधी काढायलाच हवा. यांत्रिक झडप आणि रक्त पातळ करणारी गोळी यांच्यासह बाळंतपण जोखमीचं असतं. नवऱ्याने किंवा सासऱ्यांनी नव्हे, हा प्रश्न बाईने स्वतः डॉक्टरांना विचारावा. २००२ साली फ्रान्समध्ये डॉ. ॲलन क्रिबिए यांनी छाती न उघडता नळीतून झडप बसवली. ती सोय आता आपल्याकडेही आहे, पण प्रामुख्याने वयस्क रुग्णांसाठी. तरुण वयात दोन पाकळ्यांच्या झडपेला अजून शस्त्रक्रियाच पसंत करतात.

आपल्या देशाचीही एक झडप आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली आणि डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली. परदेशी झडपेहून ती पुष्कळ स्वस्त, आणि आजवर एक लाखाहून जास्त बसवल्या गेल्या आहेत.

खर्चाची धास्ती पत्रात ओळीओळीत आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडपेच्या शस्त्रक्रिया येतात आणि २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. नाशिकमध्येच शालिमारजवळ विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे, तिथे चौकशी करा. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड यांवरची नावं जुळतात की नाही हे आजच पाहून ठेवा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं घोडं इथेच अडतं आणि ऐन वेळी धावपळ होते.

ऑपरेशन झालं म्हणजे बाई कायमची अंथरुणाला खिळली, असंही नाही. सिनेनट अर्नोल्ड श्वार्झनेगर यांची झडपही जन्मतः दोन पाकळ्यांची. १९९७ साली त्यांचं ऑपरेशन झालं आणि २००३ साली ते कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले. पुढे २०१८ मध्ये पुन्हा ऑपरेशन करावं लागलं, तेही खरं. म्हणजे एकदा उरकलं की सुटलो असं नसतं, पण म्हणून आयुष्य थांबत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर, बाई, तुम्ही कामं करू शकणाऱ्या, पण नजर ठेवावी लागणाऱ्या बाई आहात. ती नजर तुमची स्वतःची हवी. घरातल्या प्रत्येकाच्या तारखा तुम्हाला पाठ असतात. मुलीच्या परीक्षेची, धाकट्याच्या फीची, सासूबाईंच्या मोतीबिंदूची. त्याच कॅलेंडरवर आपल्या इकोची तारीख लाल शाईने लिहा. सासूबाईंना कळशी उचलण्यापेक्षा एक काम सांगा : तुम्ही दवाखान्यात जाल त्या दिवशी मुलांचं जेवणखाण त्यांनी पाहावं. त्यांना काळजी आहेच, तिला हे वळण मिळू दे. रिपोर्ट आला की आकडे कळवा.