विमानतळावरील चढे भाडे

सुरतचा विमानतळ मगदल्ल्यास, डुमसच्या रस्त्यावर. रेल्वे स्टेशनाकडील पेढ्यांस तेथून बराच पल्ला पडतो. मोबाईलवर गाडी बोलाविली म्हणजे भाडे आधीच कळते व घासाघीस टळते, ही सोय आम्हांस मान्य आहे. परंतु निकडीच्या वेळी हेच भाडे चढते. केंद्र सरकारच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत या चढीची मर्यादा मूळ भाड्याच्या दीडपट होती. २०२५ साली ती दुप्पट झाली. टंचाईच्या काळी वखारीत धान्य किती ठेवावे, हे १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली सरकार आम्हांस ठरवून देते. मग रात्री उतरलेल्या वृद्ध प्रवाशाच्या निकडीवर दुप्पट भाव का चालावा? चालकाने विनाकारण गाडी नाकारल्यास दंड भाड्याचा दहावा हिस्सा, तोही फार तर १०० रुपये! सभासद बंधूंनी तूर्त पाहुण्यांस घरचीच गाडी धाडावी.