स्वस्तातली ट्रायथलॉन फ्रेम: सौदा की दुखणं?

“डॉक्टर, ऑनलाइन कार्बनची ट्रायथलॉन फ्रेम पन्नास हजारांच्या आत मिळतेय. घेऊ का?”

गोव्यात २०१९ मध्ये आयर्नमॅन ७०.३ सुरू झाली, तेव्हापासून हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं. चाळिशीत एवढी मेहनत घेणाऱ्यांचं मला कौतुकच आहे. म्हणूनच स्पष्ट सांगतो: जिचा बनवणारा कोण हे कळत नाही, अशी कार्बन फ्रेम ऑनलाइन घेऊ नका. माझ्यावर रागवा हवं तर, पण आधी कारणं वाचा.

मागे एक गृहस्थ करंगळीला मुंग्या येतात म्हणून आले. तपासणी झाली, दारापर्यंत गेले आणि परत फिरले. हळू आवाजात म्हणाले, “खाली पण बधिर होतं. लांब राइडनंतर दोन-दोन तास.” हे त्यांनी घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. जुनी सायकल ५४ नंबरची होती, म्हणून नवी फ्रेमही ५४ मागवली होती. इथेच घोळ झाला.

चपलेचा नंबर दोन कंपन्यांत वेगळा निघतो, तसंच सायकलचंही आहे. खरी मापं दोन: स्टॅक, म्हणजे पेडल ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून फ्रेमच्या पुढच्या नळीच्या वरच्या टोकाची उंची, आणि रीच, म्हणजे त्याच दोन जागांमधलं आडवं अंतर. ट्रायथलॉन फ्रेममध्ये सीटची नळी साध्या रोड बाइकपेक्षा जास्त उभी असते, शरीर पुढे झुकतं आणि भार कोपरांवर व सीटच्या टोकावर येतो. रीच जास्त झाला की माणूस नकळत पुढे सरकत सीटच्या टोकावर बसतो. तिथे प्युडेंडल नर्व्ह आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातात. वरच्या बाजूला मान मागे वाकवून रस्ता पाहावा लागतो. मध्येच बेस बार धरला की तळव्यावर भार येऊन करंगळीकडे जाणारी अल्नर नर्व्ह चेपली जाते. बधिरपणा ही सवयीने जाणारी गोष्ट नाही. तो शरीराने वाजवलेला भोंगा आहे.

सीट वर-खाली, पुढे-मागे करता येते. चुकीच्या फ्रेमची लांबी मात्र कमी करता येत नाही.

आता नेहमीचे युक्तिवाद बघू.

“सगळ्या फ्रेम चीन-तैवानमध्येच तर बनतात!” अगदी खरं, बहुतेक तिथेच बनतात, आणि उत्तम बनतात. माझा आक्षेप देशावर नाही. फ्रेमची चाचणी कोणी केली आणि ती तुटली तर जबाबदार कोण, एवढंच मी विचारतो. सायकलसाठी आयएसओ ४२१० हे सुरक्षा मानक आहे. त्यात फ्रेमवर पुन्हा पुन्हा पेडलचा भार देतात, आघात करून बघतात. विक्रेत्याकडे त्या मॉडेलचा चाचणी अहवाल मागा. टाळाटाळ झाली तर तेच तुमचं उत्तर. आणि फ्रेमवरचं स्टिकर म्हणजे अहवाल नव्हे. स्टिकर कुणीही छापतो.

कार्बनचा स्वभावही लक्षात घ्या. स्टील किंवा ॲल्युमिनियम बऱ्याचदा आधी वाकतं, इशारा देतं. कार्बनच्या आतले थर सुटत असतात आणि वरचा रंग चकचकीत असतो. मग एक दिवस खड्डा येतो. फोर्क तुटला तर माणूस तोंडावर पडतो. जबडा, गालाचं हाड, मनगट, कॉलरबोन. ही यादी मी पुस्तकातून लिहीत नाही.

“पण वेळ वाचतो ना!” सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरच्या वेगाला मुख्य विरोध हवेचाच असतो, हे बरोबर. पण त्यातला बहुतांश विरोध तुमच्या शरीराचा असतो, फ्रेमचा वाटा त्यामानाने थोडा. शरीराची ठेवण सुधारली की खरा फायदा मिळतो. आणि मान दुखते म्हणून दर पाच मिनिटांनी उठून बसणाऱ्याला कुठली फ्रेम वेळ वाचवून देणार?

“रिव्ह्यू तर चांगले आहेत.” ते बहुतेक पार्सल उघडल्यावर लिहिलेले असतात. फ्रेमची परीक्षा दोन वर्षांनी होते.

खर्चाचं गणितही अर्धवट असतं. कस्टम ड्यूटी वेगळी. गिअर, चाकं, ब्रेक, हेडसेट वेगळे. सीटपोस्ट त्याच फ्रेमच्या आकाराचा असतो. तो तडकला आणि विक्रेत्याने दुकान गुंडाळलं, तर अख्खी फ्रेम भिंतीवर टांगायची.

मग कमी पैशात काय करायचं? तुमच्या रोड बाइकलाच क्लिप-ऑन एअरोबार लावा. त्याआधी जाणकाराकडून बाइक फिटिंग करून घ्या आणि स्वतःचे स्टॅक-रीच लिहून ठेवा. पहिली शर्यत त्यावरच करा. तरीही ट्रायथलॉन बाइक हवीच असेल, तर ओळखीच्या कंपनीची वापरलेली बाइक घ्या, पण प्रत्यक्ष पाहून, मालकाला पडझडीबद्दल विचारून आणि कार्बन समजणाऱ्या मेकॅनिककडून तपासून. ॲल्युमिनियमची असेल तर कमीपणा मानू नका. आणि एअरोबारवर असताना हात ब्रेकवर नसतात. कुत्री, रिक्षा आणि खड्डे असलेल्या रस्त्यावर ती बैठक घेऊ नका. तो सराव घरी ट्रेनरवर करा.

त्या गृहस्थांनी शेवटी ती फ्रेम काढून टाकली. करंगळी काही आठवड्यांत सुधारली. खालचा बधिरपणा जायला बरेच महिने लागले, आणि त्या काळात त्यांची झोप उडाली होती. वाचलेल्या पैशांचा हिशोब त्यांनी मला पुन्हा कधी सांगितला नाही.

तुम्हालाही राइडनंतर हाताला किंवा जांघेत बधिरपणा येत असेल, तर लाजू नका. डॉक्टरांच्या दारातून परत फिरायची वेळ येऊ देऊ नका, आत आल्या आल्याच सांगा.