हरित अमोनिया: पातळ फ्रेममधली बचत कुणाच्या खात्यात?

२०२५ च्या खरिपात डीएपीची टंचाई सुरू असतानाच खत उद्योगातून एक वेगळी बातमी आली. सोलर एनर्जी कॉर्पोरेशनच्या (सेकी) लिलावात ओडिशातील पारादीप फॉस्फेट्ससाठी वर्षाला ७५ हजार टन हरित अमोनिया किलोला ५५ रुपये ७५ पैसे दराने दहा वर्षे देण्याची बोली लागली. देशातील १३ खत कारखान्यांसाठी मिळून ७.२४ लाख टनांचे हे लिलाव होते. मग खत स्वस्त होणार का, हा प्रश्न साहजिक आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात आणखी दोन प्रश्न पुढे येतात: या यंत्रांच्या सुट्या भागांचे काम इथल्या एमआयडीसीला मिळेल का, आणि नदीच्या पाण्याचे काय?

गोणीत हायड्रोजन किती?

अमोनिया म्हणजे नत्र आणि हायड्रोजन. आज हा हायड्रोजन मुख्यतः नैसर्गिक वायूपासून मिळतो. हरित पद्धतीत तो सौर किंवा पवन विजेवर पाण्याचे विघटन करून मिळवतात. ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. पंजाबात नांगल येथे १९६० च्या दशकात भाक्राच्या जलविजेवर असाच हायड्रोजन तयार करून खत बनवले जात होते.

डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत ९ किलो नत्र असते. त्यासाठी सुमारे ११ किलो अमोनिया लागतो. स्फुरदासाठी लागणारा रॉक फॉस्फेट मात्र बहुतांशी आयातच करावा लागतो. युरियाचे गणित आणखी वेगळे आहे. युरिया बनवायला अमोनियासोबत कार्बन डायऑक्साइड लागतो आणि आजच्या कारखान्यांत तो नैसर्गिक वायूतूनच मिळतो. म्हणून हरित अमोनिया आधी डीएपी आणि १०:२६:२६ सारख्या संयुक्त खतांत येईल, युरियात नंतर.

फ्रेम म्हणजे काय?

पाण्याचे विघटन करणाऱ्या यंत्राला इलेक्ट्रोलायझर म्हणतात. त्याची रचना साखर कारखान्यातील जुन्या फिल्टर प्रेससारखी असते, ज्यातून आपल्याला प्रेसमड मिळते. एकामागे एक चौकटी लावून दोन्ही टोकांनी घट्ट आवळलेल्या. प्रत्येक चौकट म्हणजे सेल फ्रेम. तिच्यात निकेलचे इलेक्ट्रोड आणि दोन वायूंना वेगळे ठेवणारा पडदा बसतो. फ्रेमच्या कडेतील छिद्रांतून २५ ते ३० टक्के कॉस्टिक पोटॅशचे द्रावण आत येते आणि हायड्रोजन व ऑक्सिजन वेगवेगळ्या वाटेने बाहेर पडतात.

फ्रेम पातळ आणि आटोपशीर केली की इलेक्ट्रोड पडद्याला टेकवता येतात आणि विजेचा अडथळा कमी होतो. एका सेलला २ व्होल्टऐवजी १.८ व्होल्ट पुरले, तर टनभर अमोनियामागे सुमारे ९०० युनिट वीज वाचते. एक टन अमोनियाच्या हायड्रोजनला ९ हजारांहून अधिक युनिट लागतात. म्हणजे ५ एचपीचा पंप सुमारे २,४०० तास चालवण्याइतकी वीज. त्यामुळे ही बचत लहान नाही.

पण फ्रेम पातळ झाली की गॅस्केटला बसायला जागा कमी उरते. ८० अंश तापमानात, दाबाखाली कडा जराशी वाकली तरी गळती होते. दुसरी अडचण छिद्रांची. ती रुंद ठेवली तर वीज द्रावणातूनच आडवाटेने शेजारच्या सेलकडे जाते. अरुंद आणि लांब केली तर लांबलेल्या लॅटरलसारखा दाब पडतो आणि पंपावर भार येतो. चांगली फ्रेम या दोहोंचा मध्य साधते.

इथल्या वर्कशॉपना संधी

४ जानेवारी २०२३ रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाचा एकूण खर्च १९,७४४ कोटी रुपये आहे. त्यातून इलेक्ट्रोलायझर देशात बनवण्यासाठीही प्रोत्साहन मिळते. फ्रेमला लागते अचूक मशिनिंग, रसायनाला टिकणारे प्लास्टिक, रबरी गॅस्केट आणि निकेलचा मुलामा. ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी असलेल्या अंबरनाथला अचूक कामाची सवय जुनी आहे. अमोनिया वापरणारे कारखानेही तळोजा, ट्रॉम्बे आणि थळला, म्हणजे फार लांब नाहीत. आयटीआय झालेल्या शेतकरी कुटुंबातील मुलांसाठी ही दिशा लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पाणी: किती, यापेक्षा कसे

७५ हजार टन अमोनियाच्या हायड्रोजनला वर्षाला साधारण १.२ लाख घनमीटर शुद्ध पाणी लागते. एवढे पाणी अंदाजे १० हेक्टर भाताला लागते. शुद्धीकरण आणि थंडाव्याचे पाणी धरून आकडा दोन-तीन पट झाला, तरी बारवीसारख्या धरणाला तो जड नाही. खरी काळजी बाहेर पडणाऱ्या पाण्याची आहे. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेला आहे. म्हणून परिसरात असा प्रकल्प किंवा निकेल मुलाम्याचे काम आले, तर ग्रामसभेत आणि जनसुनावणीत पुढील गोष्टी विचाराव्यात:

- शुद्धीकरणातून उरणारे क्षारयुक्त पाणी कुठे सोडणार?
- वापरलेले कॉस्टिक पोटॅश कोण परत नेणार?
- मुलाम्याच्या सांडपाण्यातील निकेल कसा काढणार?

एक सूचना आत्ताच. ‘पोटॅशचे पाणी’ म्हणून असे द्रावण कुणी फुकट देऊ केले तरी शेतात घेऊ नये. त्यात पालाश असला तरी ते अतिशय दाहक असते, पिकाची मुळे जाळते, जमिनीचा सामू बिघडवते आणि त्यात निकेलचा अंश असू शकतो.

शेतकऱ्याच्या हातातली बचत

फ्रेममुळे वाचणारी वीज डीएपीच्या एका गोणीमागे सुमारे १० युनिट होते. डीएपीची १,३५० रुपयांची किंमत अनुदानाने धरून ठेवलेली असल्याने हा फायदा आधी सरकारच्या अनुदानाच्या हिशेबात दिसेल, दुकानाच्या पावतीवर नाही. शेतकऱ्याला लाभ झालाच तर तो आयातीवरचा भार हलका होऊन खत वेळेवर मिळण्यात होईल.

भात उत्पादकांकडे याहून मोठी बचत आजच आहे. बदलापूरच्या पुढे कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचे भात संशोधन केंद्र आहे. चारसूत्री पद्धतीत लावणीच्या दिवशीच चार चुडांच्या चौकोनात मधोमध २.७ ग्रॅमची एक युरिया-डीएपी ब्रिकेट ७ ते १० सेंमी खोल खोचतात. हेक्टरी ६२,५०० ब्रिकेट, म्हणजे सुमारे १७० किलो लागतात. त्यातून साधारण ५७ किलो नत्र आणि २९ किलो स्फुरद मिळते. खत फोकून देताना नत्राची शिफारस हेक्टरी १०० किलो आहे. वाचलेले ४० किलो नत्र हरित अमोनियातून बनवायचे ठरवले, तर चारशेहून अधिक युनिट वीज लागेल.